आधी औषध, मग नाव

रस्त्यावर राहणाऱ्या माणसाच्या आजाराची नोंद ठेवावी का, ठेवली तर किती आणि ती कुणाच्या हाती असावी, या प्रश्नाचं उत्तर एका सुरात देता येत नाही. दोन्ही बाजूंना माणसाचा जीवच आहे. म्हणून हा संवाद. त्यातली दोन माणसं कल्पित आहेत. ती ज्या कायद्यांविषयी, योजनांविषयी आणि निकालांविषयी बोलतात, ते सगळं खरं आहे. मामा मुंबई महापालिकेच्या क्षयरोग विभागात आरोग्यसेवक होता, आता निवृत्त आहे. भाची सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि एका स्वयंसेवी संस्थेसाठी बेघर रुग्णांच्या नोंदीचं ॲप बनवते आहे. कोण कुठे झोपतं ते नकाशावर टिपून ठेवणाऱ्या एका रकान्यापाशी तिचं काम थांबलं आहे.

भाची : मामा, तो जागेचा रकाना मी काढून टाकणार आहे.

मामा : मग उरलेलं ॲप कशाला बनवतेस? अगं, नोकरीभर मला जे हवं होतं ते तुझ्या हातात आहे, आणि तू ते टाकून द्यायला निघालीस. टीबीचा रुग्ण दोन महिने गोळ्या घेतो. खोकला थांबतो, ताप जातो, अंगावर जरा मांस चढतं. त्याला वाटतं, झालो बरा. औषध असतं सहा महिन्यांचं. घरदार असलेला माणूस असला की मी त्याच्या दारात जाऊन उभा राहायचो. त्याने ऐकलं नाही तर बायकोला सांगायचो, आईला सांगायचो. फूटपाथवरच्याला कुठे गाठू? आज महालक्ष्मीच्या पुलाखाली, उद्या तिथून उठवलं म्हणून रे रोडला, परवा कुणा ठेकेदाराच्या मागे पनवेलला. मी गोळ्या घेऊन पुलाखाली पोचायचो तेव्हा तिथे नुसता पुठ्ठा पडलेला असायचा. आणि अर्धवट सोडलेला टीबी उलटतो तेव्हा साध्या गोळ्यांना दाद देत नाही. मग त्याच्या शेजारी झोपणाऱ्यालाही तसलाच होतो.

भाची : हे सगळं मान्य आहे. म्हणूनच तर तो रकाना आधी घातला होता.

मामा : आणि फक्त टीबी नाही. मधुमेहाने पाय सडलेला माणूस घे. एका रुग्णालयात जातो, केसपेपर निघतो, रक्त तपासतात, एक्स-रे काढतात. पुढच्या आठवड्यात अतिक्रमणाची गाडी येते. गाडीवाल्यांना काय दिसतं? एक गाठोडं. त्या गाठोड्यात त्याची फाइल असते, एक्स-रे असतो, गोळ्या असतात. सगळं गाडीत. गाडीतून वाचलं तर जुलैच्या पावसात लगदा होतो. मग तो दुसऱ्या रुग्णालयात जातो तेव्हा डॉक्टरसमोर कोरा माणूस उभा राहतो. पुन्हा रक्त, पुन्हा एक्स-रे, पुन्हा पहिल्यापासून. तुझ्या मशिनमधला कागद भिजत नाही आणि गाडीतही जात नाही. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला कळतं ते तुला कळत नाही का?

भाची : कळतं. आजाराची नोंद मी काढत नाहीये, मामा. काय झालंय, कुठली गोळी चालू आहे, कशाची ॲलर्जी आहे, पुढची तपासणी कधी, हे सगळं राहणार. आयुष्मान भारत डिजिटल मिशन आलं २०२१ला, त्यात प्रत्येकाला चौदा आकडी आभा क्रमांक मिळू शकतो आणि जुनी कागदपत्रं मिशनला जोडलेल्या कुठल्याही रुग्णालयात उघडता येतात. ही कल्पना सगळ्यात जास्त उपयोगाची कुणाला असेल, तर ज्याच्याकडे कपाट नाही त्याला. माझी अडचण पुढे आहे. ती कागदपत्रं उघडायची म्हणजे संमती हवी, आणि संमती येते मोबाइलवरच्या ओटीपीतून.

मामा : मोबाइल असतात त्यांच्याकडे. हल्ली सगळ्यांकडे असतात.

भाची : असतात, आणि झोपेत चोरीला जातात. टपरीवाल्याला पैसे देऊन चार्ज करावे लागतात. रिचार्ज संपला की नव्वद दिवसांनी नंबर बंद होऊ शकतो आणि मग तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. त्याच्या आजाराची किल्ली अशी भलत्याच्या खिशात जाते. बोटांचे ठसे घ्यावेत तर वर्षानुवर्षं कचरा वेचून, विटा उचलून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. यंत्र म्हणतं, हा तो नव्हे.

मामा : आमच्या वेळी एक युक्ती आली होती. टीबीच्या गोळ्यांचं पाकीट असायचं. गोळी दाबून बाहेर काढली की मागे एक फोन नंबर दिसायचा. त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, फुकट. कॉल आला म्हणजे आज गोळी बाहेर निघाली. नाइन्टीनाइन डॉट्स म्हणायचे तिला. मला ती फार आवडली होती. माणसाला रोज दवाखान्यात हेलपाटा नाही, रोज माझ्यासमोर गोळी गिळायची शरम नाही. पण ज्याचा फोन बंद तो आमच्या लेखी गोळी न घेणारा. आणि कॉल दिला म्हणजे गोळी पोटात गेलीच असंही नाही. शेवटी मला जाऊन त्याचं तोंड बघावं लागायचंच.

भाची : तेच म्हणते मी.

मामा : नाही, तू ते म्हणत नाहीस. मी म्हणतो, त्याचं तोंड बघायला तो कुठे आहे हे मला सांग. आणि तू म्हणतेस, नाही सांगणार.

भाची : तुला म्हणून सांगेन. पण ॲपमध्ये घातलं की ते फक्त तुझं राहत नाही. लंडनची गोष्ट ऐक. तिथे रस्त्यावर झोपणाऱ्यांना मदत करणारे कार्यकर्ते रात्री फिरायचे, चौकशी करायचे, नोंदी ठेवायचे. कोण कुठे झोपतो, कुठल्या देशाचा आहे. हेतू चांगला होता, निवारा मिळावा, उपचार मिळावेत. २०१७ साली बाहेर आलं की या माहितीवरून केलेले नकाशे ब्रिटनच्या गृहखात्याकडे पोचले होते. युरोपातल्या इतर देशांतून आलेल्या बेघरांना शोधून परत पाठवायची मोहीम चालू होती. रस्त्यावर झोपणं म्हणजे इथे राहण्याच्या हक्काचा गैरवापर, असं धोरणच होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवलं. पण ज्यांना आधीच उचलून नेलं होतं त्यांचं काय? कार्यकर्त्याने ब्लँकेट देता देता विचारलेला प्रश्न होता तो.

मामा : तिथे परक्या देशातले लोक होते. आपल्या फूटपाथवर कोण आहे? जालन्याचा, बीडचा, गुलबर्ग्याचा, बिहारचा. त्यांना कुठल्या देशात पाठवणार?

भाची : चेंबूरला. भिक्षेकरी गृहात. १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे, मामा. पैसे मागणं तर सोडच, उदरनिर्वाहाचं साधन दिसत नाही आणि भिकेवर जगत असावा अशा अवस्थेत माणूस सार्वजनिक जागी वावरतोय, एवढंही त्यात पुरतं. वॉरंटशिवाय पकडता येतं. पहिल्यांदाच एक ते तीन वर्षं डांबता येतं. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली दिल्लीपुरती त्यातली मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे तसं झालेलं नाही. आता मला सांग, रात्री कुठल्या पुलाखाली किती माणसं आणि कोणत्या वेळी सापडतील याचा तयार नकाशा माझ्या ॲपमध्ये असेल आणि एखाद्या मोठ्या समारंभाच्या आधी शहर 'स्वच्छ' करायचा हुकूम निघाला, तर तो नकाशा मागायला किती वेळ लागेल?

मामा : तू द्यायचा नाहीस.

भाची : मी नोकरी सोडली असेन तोपर्यंत. संस्थेचा निधी संपला असेल. सर्व्हर दुसऱ्या कुणी घेतला असेल. माझ्या चांगुलपणावर उभी राहील अशी व्यवस्था मला नको. आज जी माहिती जमवलीच नाही, ती उद्या कुणी मागू शकत नाही.

मामा : हे बोलायला ठीक आहे. पण मी तुला नोंदीची दुसरी बाजू दाखवतो. १९८५चा ओल्गा टेलिसचा निकाल माहीत आहे ना? फूटपाथवर राहणाऱ्यांचा. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. ते वाक्य सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही. हटवायला परवानगी दिलीच होती. आणि पर्यायी जागा कुणाला द्यायच्या? १९७६च्या मोजणीत ज्यांची नोंद झाली होती त्यांना. नाव होतं त्याला जागा, नाव नव्हतं त्याला काही नाही. म्हणजे कागदाने माणसाला काय दिलं ते बघ. तू त्याला अदृश्य ठेवून वाचवते आहेस असं तुला वाटतं. मला वाटतं तू त्याला मागण्याच्या लायकीचाच ठेवत नाहीस.

इथे मामाच्या बाजूने मला थोडी भर घालायची आहे, कारण बेघरांच्या बाबतीत न मोजण्याची किंमत फार मोठी आहे. २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत देशातले बेघर मोजले गेले. देशात १७ लाखांवर, मुंबईत सुमारे ५७ हजार. रात्रपाळीला गेलेला, गाडीखाली झोपलेला, पोलिसाला बघून पळालेला या आकड्यात नाही. तरीही हाच आकडा वर्षानुवर्षं सगळ्या नियोजनाचा पाया राहिला. अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा असं सांगितलं. सव्वा कोटीच्या मुंबईत त्या हिशेबाने सव्वाशे निवारे हवेत. मुंबई त्याच्या जवळपासही पोचलेली नाही. आणि एका ठिकाणी मात्र शासन बेघराला विसरत नाही. १९४९चा मुंबई शरीरशास्त्र अधिनियम सांगतो की हक्क सांगायला कुणी न आलेला मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयाला शिक्षणासाठी देता येतो. जिवंतपणी ज्याचा केसपेपर निघायला अडचण होती, त्याच्या देहासाठी कायदा तयार आहे. मामाचा राग इथून येतो, आणि तो राग रास्त आहे.

भाची : मामा, तू पारधी कुटुंबांत जायचास ना? फूटपाथवरच्या?

मामा : जायचो. खूप.

भाची : नाव सांगायचे?

मामा : एकच माणूस तीन भेटींत तीन नावं सांगायचा. नवीन आलेले डॉक्टर चिडायचे. म्हणायचे, खोटारडे आहेत. मी चिडत नसे. त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या अंगावरून ते रजिस्टर गेलेलं आहे. गुन्हेगार जमाती कायदा. १८७१चा, १९११ साली आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्माने गुन्हेगार. प्रत्येकाचं नाव यादीत, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती, तीत माणसं कोंडली होती. १९५२ साली देशभरातून तो कायदा गेला. पण रजिस्टर घेऊन कुणी आलं की म्हातारी अजून पोरांना मागे ओढते.

भाची : म्हणजे तिला आठवतं आहे. कागदाने जागाही दिली असेल, पण आधी त्यानेच कुंपण दिलं. ती दोन्ही गोष्टी एकत्र ओळखते, आणि मी तिच्यासमोर टॅब घेऊन उभी राहणार, फोटो काढते म्हणणार.

मामा : पुलाखालच्या एका वस्तीत एकदा असं झालं. आम्ही शिबिर घेतलं, बेडक्याचे नमुने घेतले, नावं लिहिली. दुसऱ्याच दिवशी भिकारी पकडणारी गाडी आली. आमचा काही संबंध नव्हता, पण त्या लोकांना कोण सांगणार? पुढे कितीतरी दिवस आम्हाला बघितलं की पूल रिकामा व्हायचा. ज्यांचे नमुने पॉझिटिव्ह आले होते तेही सापडले नाहीत.

भाची : मग तूच हिशेब कर. माझ्या रकान्यामुळे दहा जण सापडतील. पण एका धाडीत तो वापरला गेला तर हजार जण आरोग्यसेवकाला बघून उठून जातील. तुझं खातं ज्या भरवशावर चालतं तोच जाईल.

मामा : हिशेब मला कळतो. पण हिशेबात तू एक गोष्ट टाकली नाहीस. तुझी ही खासगीपणाची भाषा ज्याला दार आहे त्याची आहे. फूटपाथवरचा माणूस आंघोळ करतो ती जगासमोर, जेवतो तेही जगासमोर. बाई बाळंत झालेली मी पाहिली आहे, चार साड्यांच्या आडोशाला. त्यांना तू सांगणार की तुमची माहिती सुरक्षित ठेवतो? त्यांचं काय उरलंय लपवायला?

भाची : जे बोलले नाहीत ते. त्यांच्या अंगावर सगळ्या जगाची नजर आहे, हे खरं. म्हणूनच तोंडातून न निघालेली गोष्ट तेवढी त्यांची आहे. नाव खरं सांगायचं की खोटं. एचआयव्ही आहे हे शेजारच्याला कळू द्यायचं की नाही. नवऱ्याला सोडून आलेली बाई कुठल्या गावची आहे. आपण दार लावू शकतो, म्हणून आपल्याला आजाराची माहिती ही अनेक खासगी गोष्टींपैकी एक वाटते. तिच्याकडे तेवढंच आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हटला. त्यांनी घराच्या उताऱ्याची अट घातलेली नाही.

मामा : बरं. विचार ना तिला. बाई, तुमची जागा लिहून ठेवू का? ती हो म्हणेल. प्रश्न मिटला.

भाची : हो म्हणेलच. पोर तापाने फणफणलंय आणि माझ्या हातात औषध आहे. त्या वेळी मी तिचा फोटो मागितला तरी हो, आणखी काही मागितलं तरी हो. तिच्या होकाराला अर्थ कधी येतो? ती नाही म्हणाली तरी औषध मिळणार आहे, हे तिला माहीत असेल तेव्हा. आधी पोराला औषध पाजायचं. ते पाजून झाल्यावर विचारायचं. आणि नाही म्हणाली तर पुढच्या वेळीही त्याच चेहऱ्याने औषध द्यायचं.

मामा : टीबीत तसं चालत नाही. टीबीचा रुग्ण सरकारला कळवणं २०१२पासून बंधनकारक आहे. निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद करावीच लागते. आणि ते बरोबर आहे. त्याच्या खोकल्यावर त्याच्या एकट्याचा हक्क नाही. शेजारी लहान पोर झोपतं.

भाची : मान्य. तिथे मी हार मानते. संसर्गाच्या आजारात नोंद त्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. पण बंधन कशाचं आहे? आरोग्य खात्याला कळवायचं आहे, पोलिसांना नाही, पालिकेच्या अतिक्रमण विभागाला नाही. भिंत तिथे घालायची. आणि बंधन जर त्याच्यावर असेल तर देणंही त्याला पोचलं पाहिजे. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला हजार रुपये, आधी पाचशे होते, २०२४पासून हजार झाले, ते बँक खात्यात जातात. खातं नाही त्याचं काय? नोंद सक्तीची आणि पोषण खात्यावर अवलंबून, हा सौदा मला अन्यायाचा वाटतो.

मामा : ते मी तुझ्याआधी ओरडत होतो. गोळी उपाशीपोटी जात नाही. ओकारी होते, माणूस गोळ्या सोडतो. ज्याला त्या पैशांची सगळ्यात जास्त गरज त्याच्याच हातात ते पडत नाहीत.

भाची : आणि खात्याशिवाय, फोनशिवाय पोचवणं अशक्य होतं असंही नाही. कोविडची लस आठव. कोविन पोर्टलवर नाव नोंदवल्याशिवाय लस नाही, नोंदवायला फोन आणि ओळखपत्र हवं. मग मे २०२१मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने वेगळी कार्यपद्धती काढली. ओळखपत्र नसलेल्यांसाठी: साधू, भटके, कैदी, मनोरुग्णालयातले, रस्त्यावर भीक मागणारे. त्यांनी स्वतःचा फोन आणायची गरज नाही. त्यांच्या वतीने एक सहायक नेमायचा आणि त्याच्या फोनवर नोंदणी करायची. तेच कोविन, तीच लस. फक्त फोन बाळगायचं ओझं रुग्णाच्या खांद्यावरून उचलून व्यवस्थेच्या खांद्यावर ठेवलं. आधारमध्येही सुरुवातीपासून कागद नसलेल्याची ओळख पटवून देणाऱ्या माणसाची सोय होती. पहिलं आधार २०१० साली आपल्या नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं, ते याच आश्वासनावर की ज्याच्याकडे काहीच नाही त्याला ओळख मिळेल. ज्या कार्डाने दार उघडायचं होतं ते कार्ड आज दारावर मागतात.

मामा : हे मला पटलं. माणूस मध्ये हवा. पण माणूस आहे कुठे? तुझ्या ॲपला पैसे देणारे पन्नास सापडतील. आरोग्यसेवकाच्या रिकाम्या जागा भरायला सापडत नाहीत. आणि वरून म्हणतील, आता ॲप आहे, माणसं कशाला?

भाची : तसं म्हणाले तर मी ॲप बंद करायला सांगेन.

मामा : लिहून घे त्यांच्याकडून. करारात लिही. आणि आणखी एक मला सांग. ज्याला स्वतःचं नावच सांगता येत नाही त्याचं काय? डोकं फिरलेलं, जटा वाढलेल्या, स्टेशनवर बसून असतो तो.

भाची : मला सगळ्यात जास्त शिकवलं ते अशाच माणसांसाठी काम करणाऱ्या एका केंद्राने. कर्जतला श्रद्धा पुनर्वसन केंद्र आहे, डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानींनी उभं केलेलं. २०१८ला डॉ. भरत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना ते आणतात. आधी आंघोळ, जेवण, जखमांवर पट्टी, औषधं सुरू. काही आठवड्यांनी औषध लागू पडतं आणि मग माणूस बोलतो. गावाचं नाव सांगतो, भावाचं नाव सांगतो. मग त्याला घरी पोचवतात, थेट दुसऱ्या राज्यातल्या खेड्यापर्यंत. तिथे नाव हे उपचाराचं फळ आहे, आणि आपण ते उपचाराची अट करून ठेवलंय. त्या माणसाला कुठलं यंत्र पहिल्या दिवशी आधार विचारणार?

मामा : कायद्यात आहे हे. पोलिसांनी अशा माणसाला कोठडीत ठेवायचं नाही, चोवीस तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं.

भाची : २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, कलम १००. आणि कलम १८ वाचलंस? दारिद्र्यरेषेखालच्यांना, मग कार्ड असो वा नसो, आणि निराधार, बेघर माणसांना मानसिक आजारावर उपचार मोफत. 'कार्ड असो वा नसो' हे संसदेने लिहिलंय, मामा. माझं ॲप संसदेपेक्षा कडक कसं असेल?

मामा : बरं. तर जागेचा रकाना नाही. मग माझ्या तिसऱ्या महिन्यातल्या रुग्णाला मी कुठे शोधू, एवढं सांग आणि जा.

भाची : रकाना राहील, पण वेगळा. तू कुठे झोपतोस हे विचारायचं नाही. मी तुला कुठे भेटू, हे विचारायचं. तो सांगेल ती जागा. अमुक चहावाल्याकडे, दर्ग्याच्या पायरीवर, गुरुवारी देवळासमोर. हवं तेव्हा बदलेल. दवाखान्याला तेवढंच कळेल. कुणाला झोपेतून उठवून न्यायचं तर त्या माहितीचा काही उपयोग नाही, पण तुला गोळ्या घेऊन पोचायला ती पुरे. उपचार संपला की ती पुसली जाईल. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे भिक्षेकऱ्यांवर त्यांच्याच जागी, देवळा-मशिदींबाहेर जाऊन उपचार करतात. रुग्ण जिथे आपणहून बसतो तिथे डॉक्टर जातो. मला ॲपकडून तेवढंच हवं आहे, की पुढच्या वेळी दुसरा डॉक्टर गेला तरी त्याला मागचं सगळं माहीत असावं.

मामा : आणि त्या चहावाल्याकडे तो आलाच नाही तर?

भाची : तर नाही सापडणार.

मामा : आणि मेला तर?

भाची : तर माझ्या निर्णयाने मेला असं तू म्हणू शकतोस. मी नाकारणार नाही. जागा नोंदवली असती तर कदाचित सापडला असता. पण त्याने मला भेटायची जागा सांगितली होती आणि तो आला नाही, यात निदान एक निर्णय त्याचा होता. झोपेत उचलून नेलेल्या माणसाचा त्यात काहीच निर्णय नसतो, आणि तिथे मी बोट दाखवलेलं असतं.

मामा : मरणारा मेला की निर्णय कुणाचा होता हे त्याच्या कामाचं राहत नाही. मी तुझ्याशी सहमत नाही, पोरी. मला तो जिवंत हवा आहे, रागावलेला असला तरी चालेल. पण तुझा रकाना चालवून बघू. एक अट आहे. जो आला नाही त्याला शोधायला माणूस पाठवायचा, दोन दिवसांत, पायी. त्या माणसाचा पगार आधी ठरव, मग ॲप.

भाची : आधी पगार.

संवाद इथे थांबतो, कारण मामाचा शेवटचा प्रश्न सुटत नाही आणि तो सुटल्याचं सोंग मला करायचं नाही. माझा कौल भाचीच्या बाजूने आहे, मामाची अट मान्य करून. बेघरांसाठी आरोग्याची डिजिटल साधनं जरूर व्हावीत. मामाने सांगितलेला भिजलेला केसपेपर हे त्याला पुरेसं कारण आहे. पण झोपायच्या जागेचा नकाशा त्यात नसावा, आणि भिक्षा प्रतिबंधक कायदा रद्द होत नाही तोवर तर मुळीच नसावा.

ज्यांच्या सहीने अशी ॲप्स विकत घेतली जातात त्या महापालिकांतल्या आणि आरोग्य खात्यातल्या अधिकाऱ्यांना विनंती आहे. निविदेत एक ओळ घाला: ओटीपी आला नाही, ठसा जुळला नाही, नाव सांगितलं नाही, तरी नोंद पुढे सरकली पाहिजे आणि उपचार सुरू झाले पाहिजेत. ॲपवर जितका खर्च तितकाच रस्त्यावर चालणाऱ्या आरोग्यसेवकावर करा. आणि केसपेपरच्या खिडकीवर 'आधार नसले तरी उपचार मिळतील' अशी पाटी लावा, मराठीत आणि हिंदीत. ज्याला वाचता येत नाही त्याला खिडकीतल्या माणसाने ते तोंडी सांगावं.